चालीवरचे पद आणि समेवरचा शब्द

'ते काय, चालीवर बेतलेले पद!' असे उद्गार आपल्या साहित्यचर्चेत अधूनमधून ऐकू येतात. त्यांत निंदा उघड नसते. परंतु कविता अंतःस्फूर्तीने जन्मते आणि पद मापावर शिवले जाते, असा भेद त्यांत गृहीत धरलेला असतो. प्रस्तुत लेखकही बरीच वर्षे याच समजुतीत होता. वर्गात नाट्यपद शिकवताना पदाच्या माथ्यावर छापलेले राग, ताल आणि चाल हे तपशील ओलांडून मी थेट पहिल्या ओळीवर येत असे, शब्दार्थ सांगत असे, अलंकार दाखवीत असे, आणि मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही याचा दोष कधी मुलांना तर कधी नाटककाराला देऊन मोकळा होत असे. तो दोष बहुतांशी माझाच होता, हे उशिरा कळले. आधी सिद्ध असलेल्या चालीवर शब्द लिहिणे ही कवितेहून वेगळी कला आहे आणि तिची परीक्षाही वेगळी हवी, असे मला आता वाटते. त्या परीक्षेचे स्वरूप काय असावे, एवढाच या लेखाचा विषय.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, चाल आधी आणि शब्द मागाहून हा क्रम मराठीला नवा नाही. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही नावे आपण आज छंदांची आणि वृत्तांची म्हणून शिकवतो. परंतु ज्या स्त्रीने जात्यावर नवी ओवी जुळवली तिने अक्षरे मोजली नव्हती. तिच्या कानात ओवीची चाल होती, आणि त्या चालीत तिने आपले माहेर बसवले. साकी-दिंडी रचणाऱ्या कीर्तनकाराचेही तसेच. शास्त्रकारांनी मोजणी केली ती नंतर. माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात जातींची मांडणी आवर्तनांच्या पायावर केली : आठ मात्रांचे पद्मावर्तन, सातांचे अग्न्यावर्तन, सहांचे भृंगावर्तन आणि पाचांचे हरावर्तन. तबल्याशी ज्याची थोडीबहुत ओळख आहे त्याला या मांडणीत त्रितालाचा अर्धा भाग, रूपक, दादरा आणि झपतालाचा अर्धा भाग दिसल्याखेरीज राहत नाही. ग्वाल्हेरच्या भा. रा. तांबे यांच्या कवितांच्या माथ्यावर तर जातीबरोबर रागाचेही नाव ठिकठिकाणी दिलेले आढळते. त्यामुळे तांब्यांचे कवित्व उणे झाले असे कोणी म्हटलेले नाही.

रंगभूमीवर ही रीत प्रतिष्ठित झाली ती संगीत नाटकाने. आणि येथे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना थोडा आपलेपणा वाटावा असा योग आहे. 'शाकुंतल' (१८८०) आणि 'सौभद्र' (१८८२) लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हे आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. मराठी साकी-दिंडीबरोबर कानडी पदांच्या चालीही त्यांच्या कानात होत्या, आणि त्या त्यांनी निःसंकोचपणे मराठी शब्दांसाठी घेतल्या. गोविंद बल्लाळ देवलांचे शिक्षण बेळगावात झाले आणि त्यांच्या 'शारदे'चा पहिला प्रयोग इंदुरास १८९९ साली झाला. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग १९१९ साली बडोद्यास झाला. शेजारच्या भाषेची चाल ऐकावी आणि आपल्या भाषेत तिला शब्द द्यावेत, हा व्यवहार दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला स्वाभाविक असतो. म्हणून या कलेकडे तुच्छतेने पाहणे आपल्याला तरी शोभत नाही. पण तिचे कौतुक डोळे झाकून करणेही शोभत नाही; त्यासाठी तिचे गमक ठरवले पाहिजे.

मात्रा जुळल्या म्हणजे चालीला शब्द बसले, असा आपणा भाषाशिक्षकांचा सर्वसाधारण समज असतो. माझा हा समज कसा दूर झाला ते सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी एका गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर स्वागतगीत रचले होते. मुखड्याची सुरुवात 'विद्येच्या मंदिरी' अशी होती. कागदावर मात्रा तंतोतंत जुळत होत्या. परंतु चालीची सम तिसऱ्या अक्षरावर येत होती आणि त्या समेवर स्वराचा चार मात्रांचा मुक्काम होता. मुलींनी चाल प्रामाणिकपणे म्हटली, आणि सभागृहात 'विद्ये' हे दोन अक्षरांत आटोपून 'च्याऽऽऽ' असा लांबलचक पुकारा झाला. पहिल्या रांगेत बसलेली लहान मुले हसू लागली. कोणी चहा मागतो आहे असेच त्यांना वाटले. कार्यक्रमानंतर आमचे संगीत शिक्षक पेटी मिटता मिटता एवढेच म्हणाले, "सर, मात्रा बरोबर आहेत, पण तुमची सम प्रत्ययावर पडली."

पुढच्या वर्षी त्याच चालीवर मी 'आले दारी पाहुणे' अशी सुरुवात केली. पहिली तीन अक्षरे दोन्ही वेळा गुरूच आहेत. वृत्तशास्त्राच्या दृष्टीने 'विद्येच्या' आणि 'आले दा' यांत काडीचा फरक नाही. परंतु दुसऱ्या वेळी सम 'दारी' या शब्दाच्या पहिल्या, मोकळ्या, दीर्घ अक्षरावर आली, आणि स्वर लांबला तेव्हा जणू दार उघडले. ओळ सामान्यच होती. तिला कविता म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु ती गाता आली आणि ऐकणाऱ्याला कळली. चालीवरच्या पदाचे पहिले गमक मला येथे सापडले : चाल जेथे थांबते तेथे अर्थाने उभे राहिले पाहिजे. समेवर प्रत्यय, उभयान्वयी अव्यय किंवा पादपूरक 'ही', 'ते', 'हो' आले की मात्रा कितीही जुळोत, पद कोसळते.

दुसरे गमक स्वरांचे. मराठी शब्दाच्या शेवटचा अकार आपण बोलताना बहुधा गिळतो. गाताना मात्र तो उच्चारावा लागतो, आणि लांबवला की त्याचा आकार होतो. 'मन' हा शब्द लांबलेल्या स्वरावर ठेवला की श्रोत्याला 'मना' असे संबोधन ऐकू येते. 'देव'चा 'देवा' होतो, 'राम'चा 'रामा'. कर्ता क्षणात संबोधन बनतो आणि वाक्याचा अर्थ फिरतो. कानडी शब्द बहुधा स्वरान्त असल्याने त्या भाषेत ही अडचण फारशी येत नाही. ब्रज भाषेतील चिजांत शब्द मऊ, जोडाक्षरे थोडी, आणि 'री', 'रे', 'मोरे' अशा पाहिजे तेथे ओढता येणाऱ्या शब्दांची रेलचेल. मराठीत जोडाक्षरांचा आणि विभक्तिप्रत्ययांचा भार अधिक आहे. म्हणून कानडी पदाची किंवा हिंदुस्थानी चिजेची चाल मराठीत आणणारा लेखक मोठे अवघड काम करीत असतो. दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा आपल्या देहाला बसवताना शिवण कोठे उसवायची आणि कोठे नाही, हे त्याला प्रत्येक ओळीत ठरवावे लागते.

तिसरे गमक वाक्यरचनेचे. गाण्यात मुखडा पुन्हा पुन्हा येतो, आणि पुष्कळदा ओळीचा पूर्वार्धच तेवढा परत घेतला जातो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. 'दारचे फूल कोमेजले' हे गद्याला बरोबर; पण गायक 'दारचे फूल' एवढेच दहा वेळा म्हणणार असेल, तर श्रोता दहा वेळा वाक्य पुरे होण्याची वाट पाहत राहील. 'कोमेजले फूल दारचे' असे म्हटले की पहिल्या दोन शब्दांतच विधान पुरे होते आणि पुनरावृत्तीला भार येतो. नाट्यपदांत क्रियापद आधी आलेले दिसते तेव्हा आपण वर्गात 'काव्यात असा व्युत्क्रम चालतो' असे सांगून पुढे जातो. बऱ्याच ठिकाणी तो व्युत्क्रम मुखड्याने मागून घेतलेला असतो, हे सांगितले तर विद्यार्थ्याला त्यातील प्रयोजन समजेल.

ही गमके हातात घेऊन आपल्या संगीत नाटकांकडे पाहिले म्हणजे काही जुने वाद निराळे दिसू लागतात. किर्लोस्कर आणि देवल यांची पदे सरळ, प्रासादिक, आणि खाडिलकरांची क्लिष्ट, असे आपण परंपरेने म्हणत आलो आहोत. पण या लेखकांपुढे असलेल्या चालींची जात एक नव्हती. किर्लोस्करांच्या चाली बहुतांशी अक्षरागणिक चालणाऱ्या. 'शाकुंतला'त पदांची संख्या दोनशेच्या घरात जाते ती यामुळेच शक्य झाली. पद म्हणजे गाऊन केलेला संवाद होता, आणि शब्द पुढे, स्वर मागे असे त्याचे स्वरूप होते. देवलांनी तोच मार्ग घरगुती बोलीपर्यंत आणला. 'शारदे'तील मुलीचे दुःख ऐकणाऱ्याला थेट भिडते, कारण चाल त्या शब्दांच्या वाटेत कोठेही आडवी येत नाही.

खाडिलकरांची स्थिती वेगळी. ते मुळात गद्याचे आणि 'केसरी'च्या परंपरेतले लेखक. 'मानापमान' (१९११) हे त्यांचे पहिले संगीत नाटक. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. त्यांत पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याचे वळण होते. 'स्वयंवर' (१९१६) नाटकाला भास्करबुवा बखले यांनी रागदारीतील चिजांच्या चाली दिल्या. येथे चाल अक्षरागणिक पुढे सरकत नाही. एका अक्षरावर ती आलाप घेते, तान घेते, फिरून समेवर येते. अशा चालीत सोप्या बोलीतले वाक्य घातले तर ते विरून जाईल. म्हणून खाडिलकर मुखड्याशी एखादा भारदस्त, बहुधा संस्कृत, मोकळ्या दीर्घ स्वरांचा शब्द ठेवतात आणि उरलेली ओळ त्याच्याभोवती रचतात. रंगभूमीवर तो एक शब्द श्रोत्याच्या कानात घुमत राहतो. छापील पानावर मात्र त्या शब्दाभोवतीचे समास, लुप्त क्रियापदे आणि ओढूनताणून आणलेले अन्वय उघडे पडतात. टीकाकारांनी पान वाचून निर्णय दिला, त्यामुळे तो अर्धा न्याय्य ठरला. अर्धा म्हणण्याचे कारण असे की, चालीचा आधार मिळूनही काही ठिकाणी अन्वय लागत नाही, आणि तेथे खाडिलकरांची बाजू घेणे हे नाट्यसंगीताच्या प्रेमापोटी केलेले वकिलीपत्र होईल. समेवरचा एक शब्द जिंकला म्हणून अंतऱ्यातील चार ओळी हरल्या तरी चालेल, असे समीक्षकाला म्हणता येणार नाही.

चौथे गमक सर्वांत सूक्ष्म आहे आणि त्याचे उत्तम उदाहरण 'एकच प्याला'त आहे. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले. नाटक रंगभूमीवर आले ते २० फेब्रुवारीस. त्यातील पदे गडकऱ्यांची नव्हेत. ती त्यांचे स्नेही विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी लिहिली. गुर्जरांची ख्याती कथालेखक म्हणून. चाली प्रामुख्याने सुंदराबाई जाधव यांच्याकडून मिळालेल्या, गझल-ठुमरीच्या वळणाच्या. म्हणजे दिवाणखान्यातील मैफलीत वाढलेली चाल दारूच्या पायी उद्ध्वस्त होणाऱ्या घरातील एका सोशीक गृहिणीच्या मुखी घालायची होती. नियमाने पाहता हा संसार जमू नये. प्रत्येक चालीला स्वतःची स्मृती असते. जुने शब्द काढून टाकले तरी त्यांचा वास मागे राहतो, आणि भक्तिगीत ऐकताना मूळ शृंगारिक गाणे आठवून आपली फजिती होते ती याच कारणाने.

मग सिंधूच्या पदांत तसे का होत नाही? माझ्या मते याचे उत्तर असे आहे : ठुमरीच्या मुळाशी केवळ शृंगार नसतो, आर्जव असते. कोणाची तरी वाट पाहणारी, कोणाला तरी विनवणारी स्त्री तिच्यात असते. सिंधूही वाट पाहते आणि विनवते. फरक एवढाच की तिचा पती परगावी गेलेला नसून प्याल्यात बुडालेला आहे. गुर्जरांनी चालीतील विलास सोडून तिच्यातील विनवणी तेवढी उचलली. चालीची स्मृती त्यांनी पुसली नाही. ती सिंधूच्या कामी लावली. बालगंधर्वांच्या गळ्याने पुढचे काम केले हे खरेच. परंतु गळ्याला जागा शब्दांनी करून दिली होती. चालीवर लिहिणाऱ्याने मात्रा मोजण्यापूर्वी ती चाल काय बोलते आहे हे ऐकले पाहिजे, असा याचा अर्थ. हे श्रवण एका कथालेखकाला साधले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. प्रसंग ओळखण्याची दृष्टी येथे शब्दलालित्याहून अधिक उपयोगी पडली असावी.

यावर असा आक्षेप येईल की, शब्द आधी आणि चाल नंतर हाच क्रम श्रेष्ठ आहे, आणि 'गीतरामायणा'ने तो सिद्ध केला आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून ती छप्पन्न गीते वर्षभर प्रक्षेपित झाली; गदिमांनी शब्द लिहावेत आणि सुधीर फडक्यांनी त्यांना चाल द्यावी असा तो क्रम होता. त्या यशाबद्दल दुमत नाही. परंतु ते यश क्रमाचे नव्हे. फडके शब्द वाचून त्याचा अर्थ कोठे उभा आहे ते पाहत आणि तेथे स्वर थांबवीत. चांगला पदकार स्वर ऐकून तो कोठे थांबला आहे ते पाहतो आणि तेथे अर्थ उभा करतो. काम तेच, फक्त दोघांपैकी कोणी कोणासाठी जागा करायची हे बदलते. शब्द आधी असूनही संगीतकाराने समेवर 'आणि' आणून ठेवल्याची उदाहरणे वाचकांना स्वतःच आठवतील.

आता चालीच्या नावाखाली जे खपवले जाते त्याविषयी. सम सांभाळण्यासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ करणे परंपरेने मान्य आहे. पण लिंग बदलणे, विभक्ती मोडणे, किंवा 'सुंदर', 'मंगल', 'पावन' हे शब्द रिकाम्या जागी भरत जाणे क्षम्य नाही. शाळांच्या आणि संस्थांच्या समारंभगीतांत हे दोष सर्रास आढळतात, आणि मी स्वतः त्यांतून मुक्त नाही. याहून गंभीर गोष्ट ऋणाची आहे. जुन्या नाटकांच्या पुस्तकांत पदावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापीत. आपण शाळेत ज्या ओळीवरून नजर वळवतो, ती ओळ म्हणजे दुसऱ्याच्या भाषेकडून, दुसऱ्याच्या गळ्यातून घेतलेल्या धनाची उघड पोच होती. आजच्या समारंभगीतांच्या पत्रिकेत रचनाकाराचे नाव ठळक असते आणि चालीचा उल्लेखच नसतो. माझ्या त्या स्वागतगीताच्या पत्रिकेतही नव्हता. ही चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही.

आपल्या वस्त्यांतील मुले आज घरी मराठी बोलतात. पण त्यांच्या कानात दिवसभर हिंदी, कानडी, गुजराती किंवा तेलुगू गाणी असतात. त्यांना नव्याने ओवी-दिंडीकडे वळवणे इष्ट आहे, पण सोपे नाही. कानात असलेल्या चालीला मराठी शब्द देऊन पाहा, असे त्यांना सांगणे सोपे आहे. वर्गात मी हल्ली तसे करतो. एक ओळ रचायची, समेवर कोणता शब्द आला ते सांगायचे, आणि वर मूळ चालीचा उल्लेख करायचा, एवढाच पाठ. पहिल्या दिवशी बहुतेकांच्या समेवर प्रत्यय येतो आणि वर्ग हसतो. हळूहळू एखादा मुलगा शब्द मागेपुढे हलवू लागतो, 'ला' आणि 'च्या' टाळण्यासाठी वाक्य उलटे करून पाहतो, आणि कधी नव्हे तो शब्दकोश मागतो. आपल्या भाषेचा कोणता शब्द किती वजन पेलू शकतो याचा विचार तो आयुष्यात प्रथमच करीत असतो. नाट्यपद शिकवण्याची वेळ त्यानंतर येते. तेव्हा पदाच्या माथ्यावरची ओळ मला वाचून दाखवावी लागत नाही. 'सर, ही कशाच्या चालीवर आहे?' असे वर्गातूनच कोणीतरी विचारते.